टेहळणी उपग्रहांवर काम करायचंय, मग एरोस्पेसच घ्यावं लागेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही इंदापूर तालुक्यातले. तिचं गणित पक्कं आहे, फिजिक्स आवडीचं. देशाच्या टेहळणी उपग्रहांवरच काम करायचं असं तिने ठरवलंय आणि त्यासाठी एरोस्पेस इंजिनीअरिंगच हवं म्हणते. एका खासगी संस्थेत ही शाखा मिळते, पण फी आवाक्याबाहेरची आहे. कर्ज काढू का? आणि अशा गुप्त कामात मुलीचा निभाव लागेल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. कर्ज काढू नका. लेकीचं ध्येय उत्तम आहे, पण त्यासाठी एरोस्पेसचीच पदवी लागते हा समज चुकीचा आहे. या समजावर काही संस्था पालकांकडून भरमसाट फी उकळतात, याची मला मनापासून चीड येते.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर रात्री आणि ढगांआडूनही जमीन पाहू शकेल अशा उपग्रहाची निकड भासली. इस्रोचा रिसॅट-१ हा रडार उपग्रह तयार होत होता, पण त्याला वेळ लागणार होता. म्हणून इस्रायली बनावटीचं रडार असलेला रिसॅट-२ पुढे काढला गेला आणि २० एप्रिल २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी१२ या रॉकेटने तो कक्षेत सोडला. वजन जेमतेम ३०० किलो, कक्षेची उंची सुमारे ५५० किलोमीटर.

त्याची कक्षा मुलीला नीट अभ्यासायला सांगा. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. रिसॅट-२ च्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन मात्र फक्त ४१ अंश होता, आणि २२ मे २०१९ ला गेलेल्या रिसॅट-२बी चा ३७ अंश. कोन कमी ठेवला की उपग्रह ध्रुवांकडे जातच नाही, आपल्याच अक्षांशांवरून ये-जा करत राहतो आणि सीमेवरच्या एखाद्या ठिकाणावर लवकर परत येतो. हा निर्णय गणितातून येतो. एरोस्पेसवाल्यांचं खरं काम इथे आणि रॉकेटमध्ये. पण रडारचे स्पंद पाठवणं आणि परतलेला क्षीण प्रतिध्वनी टिपणं हे इलेक्ट्रॉनिक्सचं काम. रिसॅट-२बी चा ३.६ मीटरचा अँटेना उड्डाणावेळी घडी घालून ठेवलेला होता आणि कक्षेत गेल्यावर उघडला. ती करामत मेकॅनिकलवाल्यांची. आणि तुमच्याच तालुक्यात वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायची कवचं, बनतात, २.८ मीटर व्यासाची. वेल्डिंग आणि मशिनिंग जाणणारे हातही या कामात तितकेच मोलाचे आहेत.

आता ज्या भागाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, तो. उपग्रह खाली पाठवतो ते चित्र नसतंच, नुसता विदा (कच्चा डेटा) असतो. उपग्रह पुढे सरकताना वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र जोडले, की छोटा अँटेना कित्येक किलोमीटर लांब असल्यासारखं काम करतो. हे जमवणारे कॉम्प्युटर आणि सिग्नल प्रोसेसिंगचे लोक. मग ते चित्र कुणालातरी वाचावं लागतं, आणि माझ्या मते खरी टेहळणी इथेच होते.

हे तिला घरबसल्या करून पाहता येईल. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं कोपर्निकस या युरोपच्याच उपक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती उघडायचं स्नॅप हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. जुलैतलं उजनी धरणाचं चित्र काढायला सांगा. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात त्या दिवसांत बऱ्याचदा नुसते ढगच दिसतात. रडारच्या चित्रात संथ पाणी काळंकुट्ट दिसेल, कारण त्याने रडारची लहर पलीकडे परावर्तित केली, उपग्रहाकडे काहीच परत आलं नाही. गावातली घरं लखलखतील, कारण जमीन आणि भिंत मिळून लहर आल्या वाटेने माघारी धाडतात. वारा सुटला असेल तर पाणीही उजळ दिसेल आणि ती फसेल. असं फसून फसूनच नजर तयार होते. या चित्रात ट्रक ओळखू येणार नाही, तेवढा बारकावा त्यात नाही. पण दोन-तीन महिने तिचं मन यात रमलं, तर भूगोल-रिमोट सेन्सिंगची (उपग्रहासारख्या साधनांनी दुरून जमिनीचा अभ्यास करण्याची) वाटही तिच्यासाठी खुली आहे. आयआयटी मुंबईत आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेमध्ये त्याचं पुढचं शिक्षण मिळतं.

नोकरीचं थोडक्यात. इस्रोच्या मोठ्या भरतीत जागा मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या असतात. पदवीला किमान ६५ टक्के मागतात. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांचीही वेगळी भरती होते. एरोस्पेसचाच हट्ट असेल तर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ तंत्रज्ञानाच्या संस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी. वर्दीची ओढ असेल तर खडकवासल्याची एनडीए २०२२ पासून मुलींनाही खुली आहे.

मुलीचा निभाव लागेल का? रिसॅट-१ हा देशात बनलेला पहिला रडार उपग्रह, वजन १८५८ किलो, २६ एप्रिल २०१२ ला गेला. त्याच्या प्रकल्प संचालक एन. वळरमती होत्या. याहून वेगळं उत्तर मी काय देऊ?

गुप्ततेबद्दल मात्र तिच्याशी बोला. असे उपग्रह जाहीरपणे शेती, वनं आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी म्हणून सांगितले जातात, आणि त्यांचा तो उपयोग खराही आहे. बाकीचं काम घरी सांगता येत नाही, कौतुकही चार भिंतींतच होतं. अपयश मात्र साऱ्या देशासमोर येतं. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला आणि ईओएस-०९ हा सुमारे १७०० किलोचा रडार उपग्रह गमावला. त्यामागे कित्येकांची वर्षं होती. हे ऐकूनही तिला हेच करायचं असेल, तर तिला अडवू नका.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये शासकीय आणि अनुदानित कॉलेजांतलं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन वर ठेवा, त्याखाली मेकॅनिकल. त्या खासगी संस्थेला आगाऊ रक्कम देऊ नका. कॅपच्या सगळ्या फेऱ्या होऊ द्या आणि तोवर उजनीची चित्रं काढून पाहायला सांगा.