पेन्सिलीच्या रेघा

"मॅडम, माझ्यामुळेच पोरगा असा झाला का?" खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

गृहस्थ बँकेत नोकरीला, पन्नाशीचे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा १९ वर्षांचा, सुट्टीत घरी आला की खोलीबाहेर पडत नाही. त्याचं एक पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. फ्रान्झ काफ्का या लेखकानं स्वतःच्या वडिलांना लिहिलेलं पत्र. एका पानावर पेन्सिलीच्या रेघा.

पान मी लगेच ओळखलं. रात्री पाण्यासाठी किरकिरणाऱ्या छोट्या फ्रान्झला वडिलांनी उचललं आणि झोपायच्या सदऱ्यावरच बाहेर सज्ज्यात उभं केलं. १९१९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो ती रात्र लिहीत होता.

"मीही केलंय असं. तेराचा पाढा येईना म्हणून दाराबाहेर. दुसरीत होता."

अशी भीती घेऊन येणारे आईबाप मला वरचेवर भेटतात. एक चापट, एक रात्र, संपलं मूल! कथा-कादंबऱ्यांनी ही भीती वाढवलीय असं माझं मत. काफ्काच्याच 'मेटॅमॉर्फोसिस' कथेत बाप किडा झालेल्या मुलाला, ग्रेगोरला, सफरचंद फेकून मारतो, ते त्याच्या पाठीत रुततं आणि मरेपर्यंत तिथेच राहतं. कथेला असं एकच सफरचंद पुरतं. घरात मात्र रोजच्या वागण्याचं वजन जास्त, आणि चुकल्यावर आपण मुलाजवळ परत गेलो का, याचंही.

त्यांना म्हटलं, मागची-पुढची पानंही वाचा. तुमच्या धाकाविना वाढलो असतो तरी बहुधा भित्राच निघालो असतो, असं काफ्का सुरुवातीलाच कबूल करतो. शेवटी वडिलांचं उत्तरसुद्धा स्वतःच लिहितो. पत्र मात्र वडिलांच्या हाती कधीच पडलं नाही.

"तुमचा मुलगा तर पलीकडच्या खोलीत आहे. विचारा त्यालाच. स्वतःची बाजू मांडू नका, नुसतं ऐका."

पंधरा दिवसांनी आले ते चेहरा पाडून. रेघा मुलाच्या नव्हत्याच, पुस्तक जुन्या बाजारातलं! दाराबाहेरचंही त्याला काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच : दहावीच्या निकालाचे पेढे वाटताना बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "नशिबानं सुटला."

"आणि मॅडम, मला नेमकं तेच आठवत नाहीये."

मीही त्या सज्ज्यातच अडकून बसले होते, हे कबूल करायला हवं.

"मग काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, मला आठवत नाही रे, पण म्हणालो असेन."

"मग?"

"तो म्हणाला, असेन नाही बाबा. म्हणालात."