खुनाचा तपास: आरोपी सापडतो कसा आणि सापडूनही सुटतो कसा

मागच्या अंकात एफआयआरबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा आणि मेसेजेसचा रोख खून, मारहाण, जीवघेणे हल्ले आणि त्यांच्या तपासावरच होता, म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच घेतोय. पत्र पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : सर नमस्कार, आमच्या शेजारच्या वाडीत काही वर्षांपूर्वी खून झाला. पोलिसांनी चारच दिवसात आरोपी पकडला, त्याने चौकीत सगळं कबूल केलं, विहिरीतून कोयता पण काढून दिला, आख्ख्या गावाला माहितीय कोणी केलं ते. तरी आता कोर्टाने निर्दोष सोडला. पैसे चारले असं लोक म्हणतात. खरंच असं होतं का? (सातारा जिल्ह्यातल्या एक ताई)

ताई, तुमच्या केसचं निकालपत्र मी वाचलेलं नाही त्यामुळे पैशांबद्दल काही बोलणार नाही, पण पैसे न चारताही असा निकाल लागू शकतो, आणि तो का लागतो हे लोकांना कुणी नीट सांगतच नाही. कोणी केलं हे कळणं एक काम आहे आणि ते कोर्टात टिकणं हे दुसरं काम, आणि मी तपासात असताना आमचा खरा घाम निघायचा तो या दुसऱ्या कामात.

पहिली गोष्ट, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. पूर्वी एव्हिडन्स अॅक्टचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आहे, मुद्दा तोच. ब्रिटिशांच्या काळापासून हे असं आहे कारण चौकीत माणूस मारामुळे काहीही कबूल करतो हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही माहीत होतं. कबुली द्यायचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, आणि मॅजिस्ट्रेट आधी त्याला सांगतात की बाबा तुझ्यावर बंधन नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, आणि विचार करायला वेळ देतात. बरेच आरोपी तिथपर्यंत गेल्यावर गप्प बसतात.

मग कोयत्याचं काय? त्याला कायद्यात एक खिडकी ठेवलीय. आरोपीने कस्टडीत असताना सांगितलं आणि त्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर जेवढ्या वाक्यामुळे ती सापडली तेवढंच वाक्य पुराव्यात येतं. म्हणजे आरोपी म्हणाला "ज्या कोयत्याने मी त्याला तोडला तो मळ्यातल्या विहिरीत टाकलाय, चला दाखवतो", तर "कोयता मळ्यातल्या विहिरीत टाकलाय, दाखवतो" एवढंच घेतात, "मी त्याला तोडला" हे गळतं. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या वरच्या अपील कोर्टाने, कोट्टाया केसमध्ये हे सांगितलं, आजही तेच चालतं. आता कोर्ट बघतं की कोयता लपवलेला होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता, पोलिसांना आधीच माहिती होती का, निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपी जे सांगतो त्याची लेखी नोंद, पंचांसमोर झाला का, आणि जप्त केल्यावर त्याच वेळी तो कागदात गुंडाळून पंचांच्या सहीचं लेबल लावून लाखेचं सील केलं का. नंतर तो मुद्देमाल खोलीत कधी जमा झाला, कोणत्या पोलिसाने कोणत्या तारखेला लॅबमध्ये नेला, लॅबला सील शाबूत मिळालं का. या साखळीतली एक नोंद जरी गाळली असेल तर वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाच हवं, कारण मधल्या काळात त्या कोयत्याला कुणी रक्त लावलं नाही हे आपण कशावरून म्हणायचं?

वर विहिरीतला कोयता, म्हणजे पाण्यात पडलेला. बऱ्याचदा सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, येतो की रक्त माणसाचं आहे पण रक्तगट निश्चित करता आला नाही, म्हणजे कोयता मयताशी जोडलाच गेला नाही. त्यात पंच फितूर झाले की संपलं. म्हणून गंभीर गुन्ह्यात आता बहुतेक वेळा सरकारी कर्मचारी पंच म्हणून घेतात.

आणि डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसेल तर कोर्ट ज्या कसोट्या लावतं त्या आपल्याच महाराष्ट्रातल्या केसमधून आल्यात, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यात १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला, सेशन्स कोर्टाने नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. तेव्हा कोर्टाने सांगितलं की परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी इतकी पूर्ण पाहिजे की आरोपी निर्दोष असण्याची कुठलीच वाजवी शक्यता उरता कामा नये, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आख्ख्या गावाला माहितीय हा कितीही झालं तरी संशयच असतो ताई, मयताच्या घरच्यांना हे ऐकायला किती जड जातं ते मला माहीत आहे, त्यांच्यासमोर बसून हे सांगायची वेळ माझ्यावर आलीय.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतोय. कोणीच पाहिलं नाही, सीसीटीव्ही नाही, तर पोलीस सुरुवात कुठून करतात? (नांदेड)

मित्रा, सुरुवात मयतापासून. शेवटचं कोणाला भेटला, कोणाशी वाद होता, पैशाचं काय, जमिनीचं काय, घरातून काही गेलंय का. दार तोडलेलं नसेल तर मारणारा ओळखीचा असू शकतो. हाताच्या पुढच्या भागावर, तळव्यावर वार असतील तर त्याने प्रतिकार केलाय, मग मारणाऱ्याच्या अंगावरही खुणा असतील आणि मयताच्या नखात त्याची कातडी, रक्त मिळू शकतं, म्हणून पोस्टमॉर्टेममध्ये नखं कापून ठेवतात. शरीर ताठर होणं, रक्त खालच्या बाजूला साकळणं यावरून डॉक्टर मृत्यूच्या वेळेचा अंदाज देतात, पण आपल्या उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, त्यामुळे तो अंदाजच समजायचा, घड्याळ नाही.

घटनास्थळावर ठसेतज्ज्ञ ज्याला चान्स प्रिंट म्हणतात ते, म्हणजे नकळत उमटून राहिलेले ठसे, शोधतात. बोटांच्या ठशांचं हे शास्त्र आपल्याच मातीत वाढलंय, जगातल्या पहिल्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला आणि ठशांच्या ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं नाव मिळालं त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं मोठं काम होतं. आज महाराष्ट्र पोलिसांकडे अॅम्बिस आहे, देशपातळीवर नॅफिस आहे, या दोन्ही ठशांच्या संगणक प्रणाली, त्यात ठसा टाकला की रेकॉर्डवरच्यांशी जुळवता येतो. पण ठसा मिळाला म्हणजे आरोपी मिळाला असं धरू नकोस. दूधवाल्याचा ठसा दारावर असणारच, तोच बेडरूममधल्या कपाटाच्या आतल्या लॉकरवर असेल तर प्रश्न विचारायचा. ठसा किती जुना हे सांगणं अवघड, त्यामुळे घरात रोज वावरणाऱ्या माणसाच्या ठशाने काहीच सिद्ध होत नाही.

जुनं रेकॉर्ड काय करू शकतं याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण रामन राघवचं. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरात फुटपाथवर, झोपड्यात झोपलेल्या लोकांना रात्री डोक्यात जड वस्तू घालून मारलं जात होतं, शहर झोपायला घाबरत होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी असेच हल्ले झाले तेव्हा हा माणूस संशयावरून पकडला गेला होता, पुरावा नव्हता म्हणून सोडावा लागला, पण त्याचा फोटो आणि ठसे फाईलला राहिले. क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी तपास बघत होते. २७ ऑगस्टला सब इन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखलं, आणि ठसे जुळवल्यावर हा तोच अशी खात्री झाली. पहिल्या वेळी ज्या हवालदाराने ते ठसे नीट, न फासटता घेऊन ठेवले असतील त्याचं नाव आपल्याला माहीत नाही पण केस त्याच्यामुळे उभी राहिली असं माझं मत.

दुसरं उदाहरण पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा खून, करणारे कला महाविद्यालयातले विद्यार्थी, गुन्हेगारीचं असं रेकॉर्ड नाही त्यामुळे फाईल उघडून काही मिळणार नव्हतं. शेवटच्या खुनानंतर तपास त्यांच्यापर्यंत पोचला आणि पहिल्या खुनात सामील असलेला साथीदार माफीचा साक्षीदार झाला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. ओळखीपाळखीचे लोक वेगवेगळे बसवून पुन्हा पुन्हा तेच विचारणं, दोघांच्या सांगण्यातला फरक पकडणं, हे कंटाळवाणं काम मशीन करून देत नाही.

आता मोबाईल. सीडीआर म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरवर होता, बोलणं काय झालं ते त्यात नसतं. कंपन्यांना हे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं. काहीच धागा नसेल तर टॉवर डंप काढतात, म्हणजे त्या वेळात त्या टॉवरवर असलेले सगळे नंबर, हजारो असतात, मग दुसऱ्या ठिकाणच्या डंपशी ताडून कॉमन नंबर काढायचे, यात तरुण पोरं रात्री जागवतात. मयताचा फोन चोरून नवीन सिम टाकलं तरी आयएमईआयवरून, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या नंबरवरून, पकडता येतो. पण खेडेगावात एक टॉवर काही किलोमीटर बघतो, टॉवरमध्ये होता म्हणजे घरात होता असं नाही, शेजाऱ्याचंही लोकेशन तेच येणार.

आणि डीएनएबद्दल एक लक्षात ठेव. गुन्हे तपासात तो पहिल्यांदा गाजला तो १९८६ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये, दोन मुलींच्या खुनात, आणि तिथे पहिलं काम त्याने काय केलं तर पोलिसांनी पकडलेला, एका खुनाची कबुली दिलेला मुलगा निर्दोष असल्याचं दाखवलं. खरा आरोपी नंतर सापडला. तू पोलीस झालास तर संशयिताला सोडवणारा पुरावासुद्धा तितक्याच काळजीने गोळा कर.

एक बारीक पण महत्त्वाचं : रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच भरायचे नाहीत. बुरशी येते, सडतात, लॅबमध्ये काही उरत नाही. सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात. भर पावसाळ्यात ठाण्यात एवढी जागा नसते हे खरं आहे, तरी जागा करायची.

प्रश्न : आरोपीच्या तोंडावर बुरखा का घालतात? त्याची ओळख लपवून पोलीस त्याला वाचवतात का? आणि कुत्रं थेट आरोपीच्या घरी गेलं, नार्को केली, तरी पुरावा नाही म्हणतात ते कसं? (अकोला)

बुरखा आरोपीसाठी नसतो, साक्षीदारासाठी असतो. पुढे जेलमध्ये ओळख परेड होते, आरोपीसारख्याच दिसणाऱ्या निदान सहा जणांमध्ये त्याला उभं करतात, जागा त्याने निवडायची, हवं तर कपडे बदलायचे, परेड तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात आणि पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. साक्षीदाराने आधीच पेपरात किंवा फोनवर चेहरा पाहिला असेल तर या सगळ्याला अर्थ राहत नाही.

कुत्रं तपासाला दिशा देतं, साक्ष देत नाही, त्याची उलटतपासणी कशी घेणार. नार्को (औषध देऊन गुंगीत बोलतं करणं), पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) संमतीशिवाय करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये सांगितलंय आणि संमती असली तरी त्यात बोललेलं कबुली म्हणून चालत नाही.

प्रश्न : आमच्या दुकानासमोर हाफ मर्डर (खुनाचा प्रयत्न) झाला, पोलीस आमचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) घेऊन गेले. आता मला कोर्टात फेऱ्या माराव्या लागणार का? क्लिप माझ्या मोबाईलमध्ये आहे, ग्रुपवर टाकली तर आरोपी लवकर सापडेल ना? (इचलकरंजी)

दादा, आधी दुसऱ्याचं उत्तर, कृपा करून टाकू नका. वरचं ओळख परेडचं वाचा, तुमची क्लिप ग्रुपवर फिरली की उद्या वकील प्रत्येक साक्षीदाराला विचारणार की तुम्ही चेहरा रस्त्यावर पाहिला की मोबाईलवर, आणि जखमी माणसाची केस तिथेच लंगडी होईल. क्लिप तपासी अंमलदाराला दाखवा, आणि ती मोबाईलमध्ये कशी आली, स्क्रीनवरून शूट केली की कॉपी केली, ते जबाबात सांगा.

साक्षीला बोलावतील, बहुतेक एकदा. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हे बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ज्या केसमध्ये ठामपणे सांगितलं ती जालन्याच्या निवडणुकीची होती, अर्ज वेळेत भरला की नाही याच्या व्हिडिओवरून भांडण होतं. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने सही करायचा म्हणजे तुम्ही, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, लिहितात, फाईलमध्ये एक फ्रेम जरी बदलली तर हा आकडा बदलतो.

तुमच्या डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलच्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होतं ते पंचनाम्यात आलंय का बघा. बहुतेक दुकानातली घड्याळं चुकीची असतात, आणि फूटेजमध्ये ९:१० दिसतंय, फोनचं लोकेशन ९:२५ चं, एवढ्यावरून केस अडकते. नसेल आलं तर अंमलदाराला सांगून पुरवणी जबाबात लिहून घ्यायला लावा. जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या, डीव्हीआरचा सिरियल नंबर त्यावर आहे का पाहा, हार्ड डिस्क परत हवी असेल तर कोर्टात अर्ज करावा लागतो, ठाण्यात नाही. आणि शेजारच्या दुकानदारांनाही आजच सांगा की त्यांच्या कॅमेऱ्यात काही असेल तर लगेच पोलिसांना कळवा, कारण बहुतेक डीव्हीआर पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं पुसून वर नवीन लिहितात. समन्स आलं की तारखेला जा, साक्षीदाराला येण्या-जाण्याचा भत्ता मिळतो तो सरकारी वकिलांना सांगून घ्या.