चढावर हलका गिअर कमी पडतो तेव्हा

प्रश्न : माझ्या रोड सायकलला पुढे ५०/३४ दात्यांच्या चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चाकं) आणि मागे ११-२८ दात्यांची ११ स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरचा अकरा स्प्रॉकेटचा, म्हणजे दातेरी चक्रांचा संच) आहे. ८ टक्क्यांच्या चढावर शेवटच्या गिअरलाही पेडल जेमतेम फिरतं, गुडघे भरून येतात. पुढची चेनरिंग बदलू की मागची कॅसेट?

उत्तर : कॅसेट. तुमच्या क्रँकवर (पेडलचा दांडा) ३४ पेक्षा फारशी लहान चेनरिंग बसतच नाही. त्याखाली जायचं तर ४६/३० चा अख्खा क्रँकसेट घ्यावा लागेल, शिवाय पुढचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) खाली सरकवावा लागेल. मागे ११-३४ घ्या. आज ३४ भागिले २८, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं. नंतर ते एकदाच फिरेल. पेडलवरचा जोर साधारण १८ टक्क्यांनी उतरतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारायला आज ताशी ९ किमी वेग लागतो, मग साडेसातला भागेल. वर पोचायला वेळ जास्त लागणार, हे ओघानंच आलं.

खरी अडचण मागच्या डिरेलरची. शिमानो १०५ आर७००० या गिअर-मालिकेचंच घ्या : आखूड पिंजऱ्याचा (पुल्या धरणारा भाग) एसएस ३० दात्यांपर्यंतच चालतो, लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ पर्यंत. चेनचा ढिलेपणा ओढून घेण्याची क्षमताही बघा. पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. जीएसची क्षमता नेमकी तेवढीच आहे.

जुनी चेन ठेवायचा मोह टाळा. चुकून पुढे ५० आणि मागे ३४ वर गेलात तर आखूड चेन डिरेलर ओढून हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकवते. नवी चेन डिरेलरमधून न घालता मोठ्या चेनरिंग आणि मोठ्या स्प्रॉकेटवरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात तिथून एक आतली नि एक बाहेरची कडी जादा ठेवून तोडा. शिमानोची ११-३४ ची एचजी८०० कॅसेट ११ स्पीड रोड हबवर (चाकाचा मधला भाग) बसवताना मागे १.८५ मिमीची चकती घालायला विसरू नका, नाहीतर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) आवळूनही कॅसेट हलत राहते. या कॅसेटमध्ये १२ आणि १४ दात्यांचे स्प्रॉकेट नाहीत; सपाटीवर ते जाणवेल.

प्रश्न : ११-३४ बसवल्यापासून सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवर खरखर येते. कॅसेट खराब निघाली का?

उत्तर : बहुधा नाही. डिरेलरची वरची पुली स्प्रॉकेटला घासत असेल. चेन लहान चेनरिंग आणि ३४ वर आणा, बी-स्क्रू (पुली स्प्रॉकेटपासून दूर-जवळ करणारा डिरेलरचा स्क्रू) आवळत जा. पुली आणि स्प्रॉकेटच्या दात्यांच्या टोकांमध्ये ५-६ मिमी फट पडली की थांबा. आणखी आवळलात तर गिअर सुस्त पडतील.