कॅलिफोर्नियातल्या चिकोच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीत बिअर चाखायला जायचंय. त्यांची जुनी पेल एल घ्यावी की फक्त नव्या, तिथेच मिळणाऱ्या?

पेल एल घ्यायचीच, आणि तीही सगळ्यात आधी. "ती तर कॉस्टकोसारख्या दुकानातही मिळते, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?" असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच वाक्य आमचे साडू प्रत्येक कौटुंबिक जेवणात ऐकवतात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही दोन्ही कुटुंबं सॅक्रामेंटोहून चिकोला गेलो होतो. फेब्रुवारी महिना, वाटेत बदामाच्या बागा फुललेल्या. टेबलावर बसताच साडूंनी मेन्यूतले अल्कोहोलचे टक्के वाचले आणि सगळ्यांच्या वतीने ऑर्डर देऊन टाकली: आधी बिगफूट, मग टॉर्पेडो, मग हेझी लिटल थिंग (मुद्दाम गढूळ ठेवलेली) आणि उरलीसुरली पेल एल शेवटी. जास्त टक्के म्हणजे पैसे वसूल, हा हिशोब. बिगफूट ही ९.६ टक्क्यांची बार्लीवाइन, म्हणजे वाइनसारखी कडक बिअर. तांबूस काळपट, दाट, आधी गोड आणि मागून घसा धरणारी कडू. ती जेवणानंतर, छोट्या ग्लासातून, गप्पा मारत संपवायची. तिने सुरुवात केल्यावर जिभेला पुढचं काय कळणार? पेल एल तोंडाला लावून साडूंनी निकाल दिला, "हिला चवच नाही हो, नुसतं पाणी!"

त्याच टेबलावर मेहुणीने मात्र स्वतःपुरती पेल एल आधी मागवली होती, सोबत फ्राइज. तिने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास येतोय." बरोबर! तो कॅस्केड जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा वास. त्याच्या मागोमाग भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा येतो, आणि नीट ओतलेली असेल तर प्रत्येक घोटागणिक फेसाचं एकेक कडं ग्लासला चिकटून राहतं. बिअर तीच, नळही तोच. फरक फक्त क्रमाचा. साडू अजून हे मान्य करत नाहीत.

मला राग येतो तो "त्यात काय विशेष" या सुराचा. १९८० साली केन ग्रॉसमन आणि पॉल कमूसी यांनी जुन्या डेअरीच्या टाक्या वगैरे जमवून चिकोत बिअर बनवायला घेतली, तेव्हा अमेरिकेत बिअर म्हणजे फिकट, थंडगार लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर), एवढंच समीकरण होतं. कॅस्केड ही ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झालेली, १९७२ साली बाहेर आलेली हॉप्सची जात. तिचा वास लपवायचा नाही, उलट पुढे आणायचा, हे या बिअरने लोकांच्या गळी उतरवलं. मनासारखी चव येईपर्यंत ग्रॉसमनने सुरुवातीच्या दहाएक बॅचेस ओतून दिल्या, तेही हातात पैसे नसताना. आज ज्या आयपीएसाठी (भरपूर हॉप्स घातलेल्या एलसाठी) लोक रांगा लावतात, त्यांची वाट या ५.६ टक्क्यांच्या बिअरने मोकळी केली. ती टाळून थेट हेझीवर उडी मारणाऱ्याचं मत मी तरी मनावर घेत नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी पेल एल, मग हेझी, मग टॉर्पेडो. टॉर्पेडो ७.२ टक्क्यांची, आणि नाव तिथल्याच यंत्रावरून पडलंय: स्टीलच्या नळकांड्यात अख्खे हॉप्स ठासून भरतात आणि त्यातून बिअर फिरवत राहतात, म्हणजे हॉप्सचं तेल उतरतं पण जादा कडूपणा उतरत नाही. बिगफूट असलीच तर सगळ्यात शेवटी. थंडीच्या तोंडावर जाणार असाल तर सेलिब्रेशन ही त्यांची बिअर सोडू नका. लेबल नाताळचं असलं तरी तिच्यात मसाले नसतात, त्या हंगामातले पहिले ताजे हॉप्स असतात. मधे पाणी प्या, प्रेट्झेल खा. ग्लास बर्फासारखा गार आला तर पाच मिनिटं तसाच ठेवा. आणि कोणी टक्के बघून सगळ्यांची ऑर्डर द्यायला लागलं, तर सरळ सांगा की आमचं आम्ही बघतो.

फक्त तिथेच मिळणाऱ्यांबद्दल: त्या सतत बदलतात, त्यामुळे आधी नावं ठरवून जाण्यात अर्थ नाही. बारवरच्या माणसाला विचारा, एखादी लागर किंवा पिल्स (फिकट लागरचाच एक प्रकार) असेल तर ती पेल एलच्याही आधी घ्या. बिगफूट, सेलिब्रेशन हंगामी आहेत, मिळतीलच असं नाही. कडूपणा मुळातच आवडत नसेल तर टॉर्पेडो तुमच्यासाठी नाही, जबरदस्तीने पिऊ नका. आणि परतताना गाडी न पिणाऱ्यानेच चालवायची. तसं कोणी नसेल तर रात्री चिकोतच मुक्काम करा.