न पटणारे भयपट मी आवडीने का पाहतो

आपला प्रश्न असा आहे की, ज्याला थोडेफार शास्त्र कळते अशा माणसाला रक्ताने माखलेल्या आणि कोणत्याही तर्कात न बसणाऱ्या भयपटांचे दुसरे, पाचवे, सहावे भाग आवडू कसे शकतात. पडद्यावर अशक्य गोष्ट दिसली की त्याचा रसभंग होत नाही का? वेंगुर्ले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गेली २२ वर्षे विज्ञान शिकवतो आणि असले चित्रपट त्याहून जास्त वर्षे पाहत आलो आहे, तेव्हा उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला असावा. रसभंग माझाही होतो. मात्र तो अशक्य गोष्ट दिसल्यामुळे होत नाही. ती अशक्य नाहीच, असे मला पटवून देण्याचा खटाटोप पडद्यावर सुरू झाला की होतो.

ही आवड लागली ती रात्र मला चांगली आठवते. १९९१ सालच्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने बाजारातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणले. भजनी मंडळी चहा घेऊन पुढच्या घरी गेली आणि गणपतीसमोर असले काही नको म्हणून सगळा संसार पडवीत मांडला गेला. दोन हिंदी चित्रपट संपल्यावर मध्यरात्रीनंतर तिसरी कॅसेट लागली ती 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतल्या सहाव्या, म्हणजे १९८६ सालच्या चित्रपटाची. आधीचे पाच भाग आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते, इंग्रजी कोणाला धड कळत नव्हते, आणि तरीही पहिल्या दहा मिनिटांत कोणाला काही विचारावे लागले नाही. एक तरुण खुन्याची कबर उकरतो, प्रेत जाळून टाकण्याच्या तयारीने आलेला असतो, पण संतापाच्या भरात कुंपणाचा लोखंडी गज त्या प्रेताच्या छातीत खुपसतो. वीज त्या गजावर पडते आणि प्रेत उठते. बिचारा काडी ओढू पाहतो तोवर पाऊस सुरू झालेला असतो. दाराशी वाती वळत बसलेली माझी आजी, जिने जन्मात एकही इंग्रजी चित्रपट पाहिला नव्हता, मान वर न करता म्हणाली, "तेका आधीच जाळूक होयो होतो. पुरलेलो माणूस असोच उठता." पडवीभर हशा पिकला आणि त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत कोण केव्हा मरणार यावर आमची चढाओढ चालली.

आजीला तो प्रसंग अशक्य वाटला नव्हता आणि खराही वाटला नव्हता. ती या दोहोंच्या पलीकडच्या ठिकाणी बसून पाहत होती, आणि ते ठिकाण तिला दशावताराने दाखवलेले होते. आमच्याकडे कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटक चालते. कथा सगळ्यांना पाठ असते, संवाद मात्र लिहिलेले नसतात, ते नट उभ्या उभ्या रचतात. संकासुर शेवटी मरणारच, हे शेंगदाणे घेऊन पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. प्रेक्षक जागा राहतो तो आजचा राक्षस कसा प्रवेश करतो, तलवारीचे हात कसे फिरवतो आणि पडताना किती वेळ घेतो, हे पाहण्यासाठी. पूर्वी मशालीवर राळ उडवून जो भडका केला जाई, त्याची जागा आता धूर आणि दिव्यांनी घेतली आहे, आणि अलीकडे तर 'ट्रिकसीनयुक्त' अशी जाहिरात करून प्रयोग लावले जातात. धडावेगळे झालेले शिर बोलू लागले की माझ्या शेजारचा माणूस घाबरत नाही. तो मान उंच करून खालच्या माणसाला कोठे लपवले असेल ते शोधतो, आणि सापडले नाही तर मनापासून दाद देतो.

शिवाय आपल्या पुराणकथांनी आपल्याला याहून अशक्य गोष्टींची सवय लावलेली आहे. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून तसाच नवा असुर उभा राहतो, म्हणून कालीला ते रक्त वरच्या वर पिऊन टाकावे लागते. जरासंधाला भीम उभा चिरतो आणि त्याची दोन्ही शकले पुन्हा सांधली जातात. शेवटी कृष्ण काडी चिरून तिचे तुकडे विरुद्ध दिशांना टाकून दाखवतो तेव्हा कोठे भीमाला उमगते. वारंवार उठणारा खलनायक आणि त्याला संपवण्याची एकच नेमकी युक्ती, हा हॉलिवूडच्या कित्येक सिक्वेलचा सांगाडा आमच्या जत्रेत फार पूर्वीपासून नाचतो आहे. (वर्गात हे सांगितले की मुले पुराण ऐकतात आणि चित्रपटाचे नाव विचारतात, मग मला विषय बदलावा लागतो.)

आता पहिला भाग सोडून पुढचेच भाग का, याकडे येतो. पहिल्या चित्रपटाला भीती निर्माण करायची असते, आणि त्यासाठी आपला विश्वास मिळवणे त्याला भाग पडते. दुसऱ्या भागापर्यंत गुपित फुटलेले असते. वर सांगितलेल्या मालिकेत १९८० सालच्या पहिल्या चित्रपटातली खुनी ही मुलाची आई आहे. मुलगा जेसन लहानपणीच तळ्यात बुडाला, असे आपल्याला सांगितले जाते. १९८१ साली दुसरा भाग येतो तेव्हा हाच बुडालेला मुलगा धिप्पाड पुरुष होऊन जंगलात वावरत असतो. ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून जग त्याला ओळखते, तो त्याला १९८२ साली तिसऱ्या भागात मिळतो. १९८४ सालच्या चौथ्या भागाच्या नावातच 'अखेरचा अध्याय' असे शब्द आहेत, १९९३ सालच्या नवव्या भागाच्या नावातही 'अखेरचा' आहे, आणि दहाव्यात हे महाशय अंतराळयानात आहेत. एवढे झाल्यावर 'हे कसे शक्य आहे' असे विचारणे म्हणजे विठोबाला अठ्ठावीस युगे पाय दुखले नाहीत का, असे विचारण्यासारखे आहे. निर्मात्यांना एवढाच प्रश्न उरतो की या वेळी नवे काय दाखवायचे. आणि कारागिराला असा एकच प्रश्न उरला की तो मन लावून काम करतो. या मालिकेच्या पहिल्या आणि चौथ्या भागाची रंगभूषा करणारा टॉम सविनी व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार होता. खरे मृतदेह पाहिलेल्या त्या माणसाने पुढे रबर आणि रंग यांतून जखमा घडवल्या. त्याचे काम पाहताना मला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, मातीवर बोट फिरवणारे हात आठवतात.

सॅम रेमीचा १९८७ सालचा 'इव्हिल डेड'चा दुसरा भाग तर मी कोणालाही न संकोचता दाखवीन. १९८१ सालचा पहिला भाग तुटपुंज्या पैशांत केलेला आणि खरोखर अंगावर येणारा होता. दुसऱ्या भागात जवळपास तीच कथा पुन्हा सांगितली आहे, फक्त या वेळी दिग्दर्शकाने हसू दाबण्याचे नाटक केलेले नाही. नायकाच्या हाताला भूत लागते, तो हात त्यालाच मारू लागतो, तेव्हा तो यांत्रिक करवतीने मनगट कापून टाकतो. मग पळणाऱ्या हातावर बादली पालथी घालून वर पुस्तके रचतो आणि सर्वांत वर ठेवतो हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' ही कादंबरी. इंग्रजीत शस्त्र आणि हात यांना एकच शब्द आहे, हे लक्षात येईपर्यंत मी तो प्रसंग दोनदा पाहिला होता. भिंतीतून लोटणारे रक्त कधी हिरवे तर कधी काळे आहे, कारण सगळे लाल दाखवले असते तर कडक प्रमाणपत्र मिळण्याची धास्ती होती. पळवाट म्हणून केलेल्या या गोष्टीमुळे चित्रपट आणखी भन्नाट झाला.

विज्ञानशिक्षक म्हणून माझा सर्वांत लाडका भाग मात्र 'फायनल डेस्टिनेशन'चा दुसरा, २००३ सालचा. त्यात खुनी कोणी नाहीच. अपघातातून वाचलेल्यांची थकबाकी मृत्यू स्वतःच वसूल करत फिरतो. एका माणसाच्या स्वयंपाकघरात तेल पेटते, त्याचा हात सिंकच्या भोकात अडकतो, आपण श्वास रोखतो, आणि तो सुखरूप बाहेर पडतो. मग स्वतःच खिडकीतून फेकलेल्या शेवयांवर घसरून पडतो आणि वरून आगीतून सुटण्याची शिडी थेट त्याच्या डोळ्यात. कार्यकारणाची इतकी लांब साखळी निसर्गात जमून येणे जवळजवळ अशक्य, पण तिची प्रत्येक कडी सुटी पाहिली तर बरोबर असते, आणि पुढची कडी कोणती हे ओळखण्यात मी पन्नाशीतही हरतो. याच चित्रपटाच्या सुरुवातीला महामार्गावर ट्रकमधून लाकडाचे ओंडके सुटतात आणि चेंडूसारखे उसळत गाड्यांवर आदळतात. चित्रीकरणापूर्वी खरे ओंडके टाकून पाहिले तेव्हा ते रस्त्यावर फारसे उसळलेच नाहीत, म्हणून पडद्यावरचे ओंडके संगणकावर तयार करावे लागले. जड, ओलसर लाकूड आदळताना आपली बरीचशी ऊर्जा दबण्यात आणि आवाजात घालवते, हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवतो. तरीही मुंबई-गोवा महामार्गावर समोर लाकडांचा किंवा चिऱ्यांचा ट्रक आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

राहिले रक्त. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते, आणि हे चित्रपट एका खोलीत त्याच्या कितीतरी पट ओततात. नेमक्या याच अतिरेकामुळे मला ते पाहवते. १९६० सालच्या कृष्णधवल 'सायको'त न्हाणीघरातले रक्त चॉकलेटचे सिरप होते. रंगीत चित्रपटांत मक्याचे सिरप आणि लाल खाद्यरंग यांचे मिश्रण वापरतात, आणि ते पडद्यावर आमच्या कोकमाच्या आगळासारखे दाट, चकचकीत दिसते. खरे रक्त तसे राहत नाही, ते काही मिनिटांत साकळते, काळवंडते आणि त्याला वास येतो. घाटात झालेल्या एका अपघातानंतर जखमी माणसाला मी गाडीतून नेले होते, तेव्हा तो वास कळला. मोबाइलवर कोणी अपघाताची चित्रफीत पाठवली तर मी ती न उघडता पुसून टाकतो. माझ्या पत्नीला हा विरोधाभास वाटतो. मला वाटत नाही, कारण एका ठिकाणी माणूस मरतो आणि दुसऱ्या ठिकाणी नट उठून चहा प्यायला जातो, हे मी पाहताना एक क्षणही विसरत नाही.

सगळेच सिक्वेल मला आवडतात, असे समजू नये. खुन्याच्या बालपणीचे दुःख सांगायला कोणी तासभर घेतला की मी उठतो, कारण राक्षस का चिडला यापेक्षा तो कसा येतो यात मला रस असतो. संगणकाने उडवलेले रक्त हवेतच विरते, कोणाच्या कपड्यांवर पडत नाही, आणि त्यामुळे मजा जाते. बांधून ठेवलेल्या माणसाचे हाल संथपणे दाखवणारे चित्रपटही मी टाळतो. तेथे हिकमत थोडी आणि विव्हळणे फार असते.

आपल्याला पाहून बघायचेच असेल तर 'इव्हिल डेड' आणि 'फायनल डेस्टिनेशन' यांच्या दुसऱ्या भागांपासून सुरुवात करावी. पहिले भाग पाहिलेले नसले तरी काही अडत नाही. एकट्याने पाहू नये, मध्येच मोठ्याने बोलणारे एखादे वडीलधारे माणूस सोबत असले तर उत्तम. वीस मिनिटांत एकदाही हसू आले नाही तर खुशाल बंद करावे. आणि त्या रात्री जेवणात सोलकढी ठेवू नये.