वाचक विचारतात: एक्झिक्युटिव्ह एमबीएचा अर्ज कधी टाकू आणि कुठं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी वाळूजला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला असिस्टंट मॅनेजर आहे, बीई मेकॅनिकल, वय ३५, नोकरीला ११ वर्षं झाली. बायको झेडपी शाळेत शिक्षिका, लेकरू पहिलीत, घराचे हप्ते चालू. एक्झिक्युटिव्ह एमबीए, म्हणजे काही वर्षं नोकरी झालेल्यांसाठीचं एमबीए, करायचं डोक्यात आहे. सोबतचा एक जण म्हणतो करायचं तर आयआयएम अहमदाबादच, मेव्हणा म्हणतो पुण्यात वीकेंडला कर, आणि मोबाईलवर रोज ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती येतात. आमची सुट्टी शुक्रवारी असते. दिवाळीपर्यंत मॅनेजर होईन असं बोललं जातंय. मग यंदाच अर्ज टाकू का थांबू? जीमॅट या प्रवेश परीक्षेचीही धास्ती आहे. – एक वाचक, बजाजनगर

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त एमबीए झाल्यावर काय करायचंय तेवढं नाही, आणि घोडं तिथंच अडतंय. वाळूज-शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यातच राहून प्लांट हेड व्हायचंय, का प्रॉडक्शन सोडून कन्सल्टिंग वगैरेत जायचंय आणि त्यासाठी मुंबई-बंगळुरूला बिऱ्हाड हलवायची तयारी आहे, हे आधी वहिनींसोबत बसून ठरवा, कारण कुठं टाकायचं ते त्यावरच ठरतं.

आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स किंवा इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा (आयएसबी) पीजीपी हे एक वर्षाचे पूर्णवेळ कोर्स आहेत, तिथंच राहून करायचे, म्हणजे नोकरी सोडावीच लागते. फी तीस लाखांच्या पुढं, वर वर्षभराचा पगार जातो तो वेगळा, आणि घराचे हप्ते एकट्या वहिनींच्या पगारावर येतात. एज्युकेशन लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये आठ वर्षांपर्यंत सूट मिळते खरी, पण ती जुन्या टॅक्स पद्धतीतच. ज्याला लाईनच बदलायचीय त्याला हे परवडू शकतं, कारण तिथल्या प्लेसमेंटमधून नव्या क्षेत्रात शिरता येतं. पण ज्याला फिरून त्याच शॉपफ्लोअरवर यायचंय त्यानं एवढा बोजा उचलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की तुम्हाला इथंच वर जायचंय. मग नोकरी न सोडता होणारं बघा. आयआयएम कोझिकोडचा ईपीजीपी दोन वर्षांचा आहे, क्लास लाईव्ह ऑनलाइन आणि मधे काही दिवस कॅम्पसला जायचं, किंवा मेव्हणे म्हणतात तसं पुण्यातलं वीकेंडचं. पण भाऊ, तुमची सुट्टी शुक्रवारची आणि हे क्लास बहुतेक शनिवार-रविवारी, म्हणजे ऐन तुमचा प्लांट चालू असताना! पुणं म्हटलं की जायला पाच तास आणि यायला पाच, रविवारी रात्री उशिरा घरी टेकणार आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिली शिफ्ट, हे दोन-चार महिने निभतं हो, दोन वर्षं नाही निभत. म्हणून अर्जाची फी भरायच्या आधी एचआरकडून सुट्टीची अदलाबदल लेखी घ्या, तोंडी नको, कारण तुमचे साहेब उद्या बदलले की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही. कंपनी फीचा काही भाग भरते का तेही त्याच वेळी विचारा, आणि भरत असेल तर बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा ते नीट वाचा.

जाहिरातींचं थोडक्यात सांगते. आयआयएमचं नाव लावलेले आठ-दहा महिन्यांचे जे कोर्स दिसतात त्यांचं सर्टिफिकेट मिळतं, एमबीए नाही. २०१७ च्या कायद्यामुळं आयआयएमना डिग्री देता येते पण म्हणून त्यांच्या प्रत्येक कोर्सला डिग्री असतेच असं नाही, आणि आयएसबीचा पीजीपी कितीही नावाजलेला असला तरी ती विद्यापीठाची डिग्री नव्हे. खाजगी कंपनीत यानं अडत नाही, पुढं प्राध्यापकी किंवा सरकारी जागेचा विचार असेल तर अडतं. एखाद्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए घेणार असाल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर विद्यापीठ आणि कोर्स दोन्ही यादीत आहेत का बघा, एक असून चालत नाही.

आता कधी. माझं म्हणणं, यंदा थांबा. या कोर्सना तुम्ही किती माणसं सांभाळली, कुठला निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला हे बघतात, आणि मॅनेजर म्हणून वर्षभर काम केलेल्या माणसाजवळ सांगायला जे असतं ते असिस्टंट मॅनेजरजवळ नसतं, वर्गातही तोच जास्त घेऊन येतो. पण प्रमोशनच्या गाजरावर तीन-तीन वर्षं काढलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत, तेव्हा मार्च ही हद्द धरा. तोवर ऑर्डर हातात आली नाही तरी पुढच्या वर्षीचा अर्ज टाकायचाच. आणि पूर्णवेळवालंच ठरलं तर त्या कोर्सचे अर्ज साधारण आदल्या वर्षी, पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, दोन-तीन राउंडमध्ये घेतात. पहिल्या राउंडला सगळ्या जागा शिल्लक असतात, शेवटच्याला उरलेल्या. पण अर्धवट अर्ज पहिल्या राउंडला टाकण्यापेक्षा चांगला तयार केलेला दुसऱ्याला टाका.

जीमॅटला मात्र थांबू नका. आता परीक्षा सव्वादोन तासांची आहे, क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न), प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये आणि तो पाच वर्षं चालतो. इंजिनिअर माणसाला क्वांटची भीती नसावी, व्हर्बलला मात्र आपल्या मराठी मीडियमच्या पोरांना वेळ द्यावा लागतो, रोज तासभर इंग्रजी वाचन तरी हवंच. नोकरी चालू ठेवून करायच्या काही कोर्सना जीमॅट लागतही नाही, त्यांची स्वतःची टेस्ट असते, तेव्हा कोर्स निवडला की तेवढं बघून घ्या.

राहिलं शिफारस पत्र. आपल्याकडं साहेब लोक “मेहनती, प्रामाणिक, होतकरू” असं शाळेच्या दाखल्यासारखं लिहून देतात, त्यानं काही होत नाही. तुम्हीच साहेबांना एक पान करून द्या: प्रेसवर डाय बदलायला आधी किती वेळ लागायचा, तुम्ही काय बदललं, आता किती लागतो, रिजेक्शन किती खाली आलं, आणि त्या कामात कोण कोण होतं. साहेब त्यांच्या शब्दांत लिहितील, पण आकडे खरे आणि तुमच्या कामाचे असू द्या.

प्रश्न: ताई, लातूरला आमची डाळ मिल आहे, वडील आता थकलेत, मी २८ चा. बीकॉम आहे. मलाही एमबीए करावं वाटतं पण धंदा सोडून दोन वर्षं जाता येत नाही. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर: तुम्ही एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या मागं लागूच नका. मुंबईत एसपी जैनचा फॅमिली बिझनेसवाल्यांसाठीच वेगळा कोर्स आहे, महिन्यातला साधारण आठवडाभर वर्गात आणि बाकीचे दिवस आपल्या धंद्यात. लातूरहून रात्रीच्या गाडीनं सकाळी मुंबईत पोचता येतं, त्यामुळं प्रवासाचं अवघड नाही, अवघड आहे ते सीझनचं. जानेवारीत नवी तूर बाजारात यायला लागली की खरेदीला आडत्याकडं कोण उभं राहणार? वडील थकलेत म्हणता, तर आधी मुनीम किंवा चुलतभाऊ यांपैकी एकाला एका सीझनची खरेदी पूर्ण करू द्या, तुम्ही फक्त फोनवर राहा. ओलावा बघून माल घेणं, भाव तोडणं आणि आडत्याचा हिशोब ही तीन कामं त्याला जमली की अर्ज टाका. नाही जमली तर त्याला अजून एक सीझन द्या, कोर्स पुढच्या वर्षीही भरतोच.