ब्युबॉनिक प्लेगमधल्या ‘ब्युबॉनिक’चा अर्थ काय? हा शब्द बॉम्बेवरून आलाय का?

नाही हो, बॉम्बेचा काही संबंध नाही. १८९६ला मुंबईतल्या मांडवीत डॉ. व्हिएगसांनी प्लेग ओळखला, त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आहे. मूळ ग्रीक ‘बूबॉन’, म्हणजे जांघ, आणि जांघेत येणारी गाठपण. पिसू पायाला चावली की जंतू तिथून जवळच्या गाठीत शिरतात, ती सुजते, म्हणून जांघ.

यावरून माझं चुलतभावाशी वाजलंय म्हणून लिहितोय. आमची आजी प्लेगला कायम गाठीचा ताप म्हणायची. मी चौथीत असताना टाचेत बाभळीचा काटा मोडला, मार बसेल म्हणून घरी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी जांघेत लिंबाएवढं अवधाण आलं आणि अंगात कणकण. आजीनं दोन बोटांनी गाठ चाचपली आणि पहिलं काय विचारलं तर, ‘घरात उंदीर मरून पडलाय का कुठं?’ पोत्यांमागं, माळ्यावर, सगळीकडं बॅटरी मारून बघितलं, मग माझा पाय हातात घेतला आणि सुईनं काटा काढला. उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं.

हे मी दिवाळीत सगळ्यांना सांगत होतो, तर दादा (हाच तो चुलतभाऊ, एमबीबीएस) म्हणाला गाठीचा ताप हा अडाणी शब्द आहे, खरं नाव ब्युबॉनिक प्लेग. आजी तिथंच बसलेली, ती गप्पच झाली. अरे पण ब्युबॉनिक म्हणजे गाठीचाच ना! जुने वैद्य ग्रंथिक सन्निपात म्हणायचे, तेपण तेच, गाठ. उलट प्लेग हा शब्द लॅटिन ‘प्लागा’वरून, म्हणजे तडाखा, त्यातून रोगाचं काय कळतं? आजीच्या शब्दात गाठ आहे, ताप आहे, अजून काय पाहिजे.

आता एक कबूल करतो, फुफ्फुसाचा प्लेग असतो त्यात गाठ येईलच असं नाही, त्यामुळे गाठीचा ताप हे सगळ्या प्लेगचं नाव होत नाही. आणि जांघेत गाठ आली म्हणून लगेच घाबरू नका, बऱ्याचदा पायाला जखम असते, सोबत ताप असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा. परीक्षेसाठी विचारत असाल तर ब्युबॉनिकच लिहा, पण घरातलं कोणी म्हातारं माणूस गाठीचा ताप म्हणालं तर चारचौघांत दुरुस्त करायला जाऊ नका.